छत्तीस माळा, अकरा परत: मंगळवार पेठेतल्या मणीकामाचं एक प्रकरण

घरी बसून मण्यांचे दागिने करणाऱ्या बाईला जो भेटेल तो विक्रीचा सल्ला देतो. इन्स्टाग्रामवर टाका, प्रदर्शनात टेबल घ्या, फोटो नीट काढा. कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या ज्या ताईंचं हे प्रकरण आहे त्यांचा माल खपत होता. गौरी-गणपतीला गौरीचे मोत्यांचे हार, लग्नसराईत हळदीचे सेट, एरवी ऑफिसला जाणाऱ्या मुलींच्या बारीक मण्यांच्या माळा. तरी वर्षाच्या शेवटी हातात काही राहत नव्हतं. बचत गटाच्या वह्या बघायचं काम माझ्याकडे असल्यामुळे त्यांची वही माझ्यासमोर आली, आणि सगळ्यात मोठी ऑर्डर हीच सगळ्यात वाईट ऑर्डर होती हे वहीनंच दाखवलं.

घर दोन खोल्यांचं. नवरा शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला, मुलगा दहावीत, सासूबाई घरात. काम पलंगावर, स्टीलच्या ताटात जुना टॉवेल अंथरून चालायचं. टॉवेलमुळे मणी घरंगळत नाहीत. हात स्वच्छ आणि रंगाची जाण उपजत. पण हिशेबाच्या वहीत दोनच रकाने होते, माल आणि आलेले पैसे. मजुरीचा रकाना नव्हता.

नवरात्राची ऑर्डर

श्रावणात एका भिशीतल्या चौघींनी नवरात्रासाठी माळा सांगितल्या. रोजच्या साडीच्या रंगाची रोज एक, म्हणजे एकीच्या नऊ आणि चौघींच्या छत्तीस. प्रत्येक माळ तीन पदरी, बारीक मण्यांची, मध्ये दोन-तीन कट ग्लासचे मोठे मणी. भाव ठरला नगामागे 350 रुपये. आधी 400 सांगितले होते. त्यावर एकीनं म्हटलं, "येवढ्याशा मण्यांला चारशे? महाद्वार रोडला दीडशेला मिळतंय की!" आणि ताईंनी तिथंच पन्नास सोडले.

माल पुण्याहून, रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून आणला. कोल्हापुरात मणी मिळत नाहीत असं नाही, पण नऊ रंग एका जातीत आणि एका मापात हवे होते. इथं मापाचं थोडं सांगते, कारण पुढची बरीच मेहनत त्यातच गेली. बारीक मण्यांचा नंबर जितका मोठा तितका मणी लहान. अकरा नंबरचा मणी साधारण दोन मिलिमीटरचा, आठ नंबरचा त्याहून मोठा. मियुकीसारखे जपानी मणी जवळजवळ एकसारखे येतात, अकरा नंबरचे गोल मणी ग्रॅमला सुमारे 110 बसतात. उत्तर प्रदेशात हाथरस जिल्ह्यातल्या पुरदिलनगरला काचेच्या मण्यांचं मोठं काम चालतं, तिकडचा माल जपानीच्या मानानं फारच स्वस्त. स्वस्तातल्या मण्यांत मात्र जाड-बारीक एकत्र असतात. काहींचं भोक तिरकं, काहींचं बुजलेलं. पदर सरळ पडायला हवा तर मणी निवडावे लागतात. ताई प्रत्येक माळेसाठी अर्धा तास तांदूळ निवडावेत तशा मणी निवडत होत्या, आणि तो अर्धा तास वहीत कुठंच नव्हता.

रंगांवरून वेगळीच ओढाताण. मोरपंखी म्हणजे हिरव्याकडे झुकणारा की निळ्याकडे, यावर चौघींचं एकमत होईना. फोनवर साड्यांचे फोटो आले, त्यात रंग भलतेच दिसले, मग ताई मण्यांचे नमुने घेऊन घरोघरी गेल्या. राखाडी रंगाचे मणी कसेबसे एका दुकानात मिळाले, तेही अख्खं पाकीट घेण्याच्या अटीवर.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी छत्तीसही माळा पोचल्या. कौतुक झालं, अंबाबाईच्या देवळाच्या आवारातले फोटो ग्रुपवर फिरले. आणि दिवाळी संपेपर्यंत अकरा माळा परत आल्या.

परत आलेल्या अकरा

ताईंचं म्हणणं, बायका नीट वापरत नाहीत. गिऱ्हाइकांचं म्हणणं, दोरा कच्चा. मी त्या अकरा माळा ताटात ओळीनं मांडायला सांगितल्या, कारण तुटलेली माळ कुठं तुटली हे बघितल्याशिवाय त्यावर बोलण्यात अर्थ नसतो.

सहा माळा हुकाजवळ तुटल्या होत्या. ओवायला गियर वायर वापरली होती, म्हणजे बारीक पोलादी तारांना पीळ देऊन वर प्लॅस्टिकचा लेप दिलेली तार. ती ओढून सहजी तुटत नाही. हुकाला अडकवताना वायर क्रिंपमधून, म्हणजे धातूच्या इवल्याशा नळीसारख्या मण्यातून काढून, हुकाच्या कडीतून वळवून परत क्रिंपमध्ये घालतात आणि क्रिंप दाबतात. ताई क्रिंप साध्या पकडीनं चपटी करत होत्या. चपट्या क्रिंपची कड धारदार होते, वायरवरचा लेप तिथं कापला जातो आणि मग एकेक तार सुटत जाते. क्रिंपसाठी दोन खाचांची वेगळी पकड मिळते. पहिल्या खाचेत दाबलं की क्रिंपच्या मधोमध घळ पडते आणि दोन्ही वायरी दोन बाजूंना वेगळ्या होतात. मग क्रिंप पाव फेरा फिरवून दुसऱ्या खाचेत धरली की ती दुमडून गोल होते. कड आत जाते, वायरीला काही लागत नाही. या पकडीची किंमत ताईंच्या एका माळेहून फार जास्त नाही.

त्याच सहांत आणखी एक गोष्ट दिसली. पदर अगदी घट्ट ताणून बंद केले होते. हातात धरल्यावर माळ कडक, छान सरळ वाटते, विकताना उठून दिसते. गळ्यात घातली की तिला वळावंच लागतं, आणि ढील नसेल तर सगळा ताण शेवटच्या मण्याशी, क्रिंपच्या तोंडाशी येतो. दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली असती तर यातल्या काही टिकल्या असत्या असं मला वाटतं. ताईंना हे पटायला वेळ लागला. ढिली माळ त्यांना आळशी हातची वाटते.

तीन माळा मधोमध तुटल्या होत्या. वायर संपली म्हणून या तंगूसवर, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर ओवल्या होत्या आणि तिन्ही कट ग्लासच्या मण्याशीच गेल्या होत्या. पैलू पाडलेल्या काचेच्या मण्याचं भोक आतून गुळगुळीत नसतं, त्याची कड दोऱ्याला करवतीसारखी लागते. शिवाय तंगूस वापरात ताणला जातो. न तुटलेल्या माळांतही मण्यांच्या मध्ये दोरा दिसायला लागला होता. कट ग्लास असेल तिथं गियर वायरच घालायची आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक गोल मणी द्यायचा, म्हणजे मोठा मणी कमी हलतो आणि घासणं कमी होतं.

उरलेल्या दोन तुटल्याच नव्हत्या. सोनेरी मुलाम्याचे मणी काळे पडले होते आणि एकीच्या मानेला खाज सुटली होती. मुलामा पातळ असला की घाम, अत्तर आणि इथल्या पावसाळ्याची ओल यांत तो टिकत नाही. खाजेचं कारण पुष्कळदा निकेल असतं. जर्मन सिल्व्हर म्हणून जे विकलं जातं त्यात चांदी नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. गिऱ्हाइकाला हे विकतानाच सांगितलेलं बरं. पण सांगितलं तर घेणार नाहीत, ही ताईंची भीती खोटी नव्हती.

वहीत काय निघालं

आता पैसे. छत्तीस माळांचे 12,600 रुपये आले. वापरलेला माल नगामागे 130, म्हणजे 4,680. ताईंच्या मते फायदा 7,920, आणि "माळेला तीन तास लागतात, म्हणजे तासाला सत्तरच्या वर पडले की, मॅडम!"

त्यातून पुण्याच्या फेरीचे 700 गेले. दुरुस्तीच्या मालाचे 275 गेले. मग मी पलंगाखालचे डबे काढायला लावले. नऊ रंगांची पाकिटं पूर्ण घ्यावी लागली होती, त्यातलं उरलेलं तसंच पडून. बिलांवरून जोडलं तर 3,100 रुपयांचं. राखाडी आणि त्या वादातल्या मोरपंखीला वर्षभर कुणी विचारणार नव्हतं. हे सगळं वजा जाता राहिले 3,845.

तासही वाढले. मणी निवडण्याचा वेळ धरून ओवण्याचे 108, अकरा दुरुस्त्यांचे प्रत्येकी दोन धरून 22, आणि नमुने दाखवणं, खरेदी, पोचवणं मिळून वीसेक. दीडशे तासांना 3,845, म्हणजे तासाला पंचवीस-सव्वीस रुपये. डब्यातले मणी पुढं कधीतरी वापरले जातील असं धरलं तरी आकडा शेहेचाळीसच्या आसपासच राहतो.

यावर घरात सुचलेला उपाय म्हणजे आणखी विक्री. भाचीनं पेज काढून द्यायची तयारी दाखवली. मी ते थांबवायला सांगितलं. एका माळेत जो तोटा आहे तो शंभर माळांत शंभरपट होतो, आणि दुरुस्तीला परत येणाऱ्या माळा आता पुण्या-मुंबईहून कुरिअरनं आल्या असत्या.

तन्मणीची गोष्ट

वळण आलं ते परत आलेल्या माळांतूनच. चारशेचे साडेतीनशे करून घेणाऱ्या बाईच तुटलेली माळ घेऊन आल्या आणि पर्समधून सासूबाईंचा तन्मणी काढला. मोत्यांचे पदर, मध्ये खोड म्हणजे जडावाचं पदक, एक पदर सुटलेला. "ही माळ तेवढी करून द्या, आणि हेपण जरा गाठवून द्या. ह्याचे काय ते घ्या पैसे." ताईंनी भीतभीत तीनशे सांगितले. बाईंनी दिले. घासाघीस नाही, महाद्वार रोडचं नाव नाही.

याच बाई, याच ताई, हात तेच आणि वेळही जवळपास तेवढाच. फरक एवढाच की नव्या माळेत गिऱ्हाईक मणी विकत घेतं आणि मण्यांचा बाजारभाव त्याला ठाऊक असतो, निदान तसं त्याला वाटतं. तन्मणी गाठवताना मणी त्याचेच असतात, त्यामुळे पैसे कशाचे द्यायचे याबद्दल शंका उरत नाही. कोल्हापूरच्या गिऱ्हाइकाला मजुरी द्यायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात बोरमाळ घेताना सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत असतं, आणि ती घडणावळीवर वाद घालते तीसुद्धा घडणावळ मान्य करूनच. हुपरीत चांदीचं काम घरोघरी चालतं, तिथंही मजुरीचा दर ही उघड बोलायची गोष्ट आहे. मण्यांच्या माळेत मात्र मजुरी मालाच्या किमतीत बुडवून टाकली जाते, आणि बुडवलेली वस्तू कुणाला दिसत नाही. ताईंच्या धंद्याचा रोग माझ्या मते इथंच होता. क्रिंपची चूक पकड बदलून सुटली, हा नुसत्या पकडीनं सुटणारा नव्हता.

म्हणून गाठवण्याचं काम नीट उभं करायचं ठरलं. ताईंनी आधी घरातल्याच खोट्या मोत्यांवर हात बसवला. रेशमाचा दोरा आधी ताणून ठेवायचा, नाहीतर तो नंतर सैल पडतो. एक मोती सरकवायचा, सैल गाठ घालायची, गाठीत सुई घालून ती मोत्याच्या अगदी अंगाला नेऊन मग ओढायची. सुई लवकर काढली तर गाठ वाटेतच बसते आणि फट राहते, उशिरा काढली तर गाठ सुईवरच आवळते. पहिल्या माळेत फटी होत्या. सासूबाईंचा हात या कामात ताईंपेक्षा बरा निघाला, त्यांना घाई नसते हेही एक कारण असेल. गाठींमुळे मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर एखादाच मोती पडतो. गाठींनी माळेची लांबी मात्र वाढते, आणि हे आधी सांगितलं नाही तर "माझी माळ एवढी लांब नव्हती" ऐकावं लागतं.

दर ठरवताना तासाचा हिशेब गिऱ्हाइकाला सांगून उपयोग नव्हता. ताई गाठीमागे पाच रुपये घेतात. सहा मिलिमीटरच्या मोत्यांची गळ्यालगतची माळ असेल तर साधारण पासष्ट गाठी, म्हणजे सव्वातीनशे रुपये. रेशीम वगैरे तीस धरून वजा केलं तर दोन तासांच्या कामाचे जवळपास तीनशे उरतात. दर थोडा कमी-जास्त करता येईल, पण गाठ गिऱ्हाइकाला मोजता येते, आणि एका बाईंनी खरंच मोजून पैसे दिले. मोती नियमित वापरात असतील तर रेशीम दर वर्ष-दोन वर्षांनी बदलावं लागतं, म्हणून तेच गिऱ्हाईक पुन्हा येतं. नव्या माळेत परत येणं हा तोटा होता, इथं तेच उत्पन्न आहे.

दुसऱ्याचं सोनं घरात

मोत्यांपाठोपाठ काळ्या मण्यांची गंठणं आणि डोरलं आली, आणि त्याबरोबर सोनं आलं. या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण इथं एक आरोप झाला तर पेठेत तोंड दाखवायची सोय राहत नाही.

मंगळसूत्राच्या जुन्या दोऱ्यात तेल, हळद, घाम, साबण मुरलेला असतो. सगळं एकत्र वजन केलं आणि गाठवून झाल्यावर पुन्हा केलं तर वजन कमीच भरणार, आणि संशय यायला तेवढं पुरतं. म्हणून दोरा गिऱ्हाइकासमोर कापायचा. सोन्याच्या वाट्या, मणी आणि कड्या वेगळ्या काढून फक्त त्यांचं वजन करायचं. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा पुरतो. सोन्याचे मणी मोजायचे, सगळं पांढऱ्या कापडावर मांडून गिऱ्हाइकाच्याच फोनवर फोटो काढायला सांगायचा, आणि कार्बनच्या पावतीवर नग, वजन, दोघींच्या सह्या. देताना तसंच. कापलेला दोरासुद्धा पुडीत बांधून परत. काम सकाळी घ्यायचं आणि संध्याकाळी द्यायचं, सोनं रात्री घरात ठेवायचं नाही. नवऱ्याची रात्रपाळी असताना तर घ्यायचंच नाही.

ठुशी, बोरमाळ आणि कोल्हापुरी साज ताई घेत नाहीत. बोरमाळेसारखे मणी आतून पोकळ, लाखेनं भरलेले असतात. चुकीच्या ठिकाणी पकड लागली की पोचा पडतो, उष्णता लागली की लाख सुटते. एकवीस पानांच्या साजात दशावतारांची आणि अष्टमंगलाची पानं ठरल्या क्रमानं येतात, त्यात अदलाबदल झाली तर घरातली थोरली बाई एका नजरेत ओळखते. असं काम गुजरीतल्या पटवेकऱ्याकडे, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिराकडे धाडायचं. यावर ताई नाराज होत्या, "आलेलं काम परत पाठवायचं?" म्हणाल्या. मी आजही यावर ठाम आहे. वीस हजारांच्या घरातला धंदा लाखांच्या दागिन्याची जोखीम घेऊ शकत नाही.

सरकारी आधाराचंही विचारून झालं. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यात सोनार आहे, माळाकार आहे, मणी ओवणारी नावानं नाही. माळाकार म्हणून नाव घालून बघा असं कुणीतरी सुचवलं, पण फुलांच्या माळा करणाऱ्यांच्या यादीत शिरणं ताईंनाच पटलं नाही. जीएसटीची धास्ती उगाच होती, मालाबरोबर मजुरीचं कामही करणाऱ्याची 20 लाखांची मर्यादा इथून फार दूर आहे.

आता

नव्या माळा बंद नाहीत. दोनच नमुने ठेवलेत, रंग घरातल्या डब्यांतून निवडायचे, बाहेरचा रंग हवा असेल तर अख्ख्या पाकिटाचे पैसे आगाऊ. पावतीवर माल आणि ओवण्याची मजुरी वेगवेगळी लिहिलेली असते. तीन महिने दुरुस्ती फुकट, पुढं पैसे पडतील. काही गिऱ्हाइकं याच कारणानं गेली. भिशीतल्या चौघींपैकी दोघींनी पुढच्या नवरात्राला बाजारातूनच माळा आणल्या, आणि त्यात चुकीचं काही नाही. नऊ दिवसांच्या माळेला दीडशे रुपये हाच बरोबर भाव आहे, फक्त तो हाताने ओवणारीला परवडणारा नाही.

गाठवण्याचं काम लग्नसराईत इतकं येतं की ताई परत पाठवतात, आणि आषाढात आठवडा-आठवडा कुणी फिरकत नाही. हा चढउतार सुटलेला नाही. डोळ्यांचा प्रश्नही आहे. काळे मणी काळ्या दोऱ्यात रात्री ओवायचे नाहीत असं ठरलं, दिवा बदलला, चष्म्याचा नंबर तरी वाढलाच. शेजारची एक मुलगी गाठी शिकायला येते. तिला गाठीमागे किती द्यायचे यावर सासूबाईंचं आणि ताईंचं अजून जमलेलं नाही. सासूबाई म्हणतात दोन रुपये पुष्कळ झाले, ताईंचं म्हणणं तीनच्या खाली द्यायचं नाही. सध्या मुलगी खोट्या मोत्यांवर हात बसवते आहे, आणि वहीत तिच्या नावाचा रकाना आखून तयार आहे.